फैजपूरचा मांडव आणि विमानतळावरचं सभागृह

फुई आणि फुवाजी पहिल्यांदा अमेरिकेला निघाले, तेव्हा त्यांना सोडायला मी विमानतळापर्यंत गेलो होतो. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. विमान रात्री अडीचचं होतं. अमळनेर तालुक्यातल्या खेड्यातून निघालेल्या माणसाला ते गाठायचं म्हणजे गाडी चुकायला नको, घाटात अडकायला नको, म्हणून पहाटेच घर सोडावं लागतं. दुपारी चारला आम्ही विमानतळाच्या दारात होतो. दोन मोठ्या बॅगा आणि एक नायलॉनची पिशवी. आत बिबडे, नागलीचे पापड, कळण्याचं पीठ, नातवासाठी शिवलेली गोधडी. इतक्या आधी आत सोडत नाहीत. फुवाजी सत्तरीच्या पुढचे, दोन्ही गुडघे दुखणारे. मी जवळच्या एका हॉटेलात जाऊन चौकशी केली. एका रात्रीचं भाडं फुवाजींच्या महिन्याच्या पेन्शनच्या निम्म्यापेक्षा जास्त होतं. आम्हाला तर पूर्ण रात्रही नको होती, सहा-सात तास पाठ टेकायला जागा हवी होती. परत येऊन मी भाडं सांगितलं, तशी फुई बॅगेवर बसत म्हणाली, "आठेच बठूत भाऊ, एक रातनी तं गोट शे." म्हणजे इथेच बसू, एका रात्रीची तर गोष्ट आहे.

फुवाजींचे पाय त्या रात्री एवढे सुजले की विमानात चढताना चप्पल पायात जाईना.

आंतरराष्ट्रीय विमानतळावर हॉटेल आणि कन्व्हेन्शन सेंटर बांधावं का, हा वाद वाचताना मला ती बॅगेवर बसलेली फुई दिसते. म्हणून 'हे सगळं बड्या लोकांचं, खान्देशातल्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध' असं म्हणणाऱ्यांत मी नाही. विमानतळावर हॉटेल हवं आणि सभागृहही हवं. पण ज्या जमिनीवर ते उभं राहणार ती जमीन लोकांच्या कामासाठी म्हणून लोकांकडून घेतलेली असते. त्यामुळे तिथल्या खोल्यांवर आणि खुर्च्यांवर सामान्य माणसाचा काही वाटा करारातच लिहिलेला असला पाहिजे. किती खोल्या, किती दिवस, किती भाडं, हे आकड्यांत.

आधी गरजेचं बोलू. आपल्याकडून बाहेरदेशी जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. मुंबई-पुण्याचा माणूस रात्री जेवून घरून निघतो. जळगाव, धुळे, नंदुरबारचा माणूस आदल्या दिवशीच येऊन थांबतो, कारण चारशे किलोमीटरच्या प्रवासात कुठे काय होईल सांगता येत नाही. म्हणजे विमानतळावरच्या मुक्कामाची गरज जितकी लांबच्या प्रवाशाला, तितकी जवळच्याला नाही. आणि लांबचा प्रवासी बहुधा कमी पैशातला असतो: मुलाकडे निघालेले आईबाप, आखातात कामाला निघालेला वेल्डर, हज किंवा उमराहला निघालेलं कुटुंब. विमानतळावरच्या हॉटेलाचे आराखडे मात्र वैमानिक, कंपन्यांचे अधिकारी आणि जोडविमान पकडणारा परदेशी पाहुणा डोळ्यांसमोर ठेवून होतात.

दुसरी गरज व्यापाराची, आणि ती खान्देशाच्या अगदी जिव्हाळ्याची आहे. रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीसारख्या गावांतून केळी आखाती देशांत जाते. ती विमानाने जात नाही. पॅकहाउसमध्ये धुऊन, खोक्यांत भरून, शीत कंटेनरमधून न्हावाशेवा बंदरात आणि तिथून जहाजाने जाते. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, तो याच बंदराच्या परिसरात, उलव्याला. एक बंदर आणि एक आंतरराष्ट्रीय विमानतळ इतके शेजारी असणं ही लहान गोष्ट नाही. दुबईचा किंवा मस्कतचा खरेदीदार सकाळी उतरेल, माल पाहील, बोलणी करील आणि रात्री परत जाईल. अशा ठिकाणी एक चांगलं प्रदर्शनाचं दालन असेल, वर्षातून दोनदा केळी, डाळ, मिरची, कापूस यांचे मेळावे तिथे भरतील, तर सावद्याच्या शेतकरी गटाला खरेदीदाराशी समोरासमोर बसता येईल. आज आमच्या केळीचा भाव बऱ्हाणपूरच्या बोलीकडे आणि रावेरच्या फलकाकडे बघत ठरतो. माल पिकवणारा आणि माल खाणाऱ्या देशातला खरेदीदार यांची गाठ पडणं ही त्यातून सुटायची एक वाट आहे. म्हणून उलव्यातलं सभागृह हे मी रावेरचंही सभागृह समजतो.

आता जमिनीकडे येतो, कारण सगळा प्रश्न तिथेच अडतो.

२०१३ चा भूसंपादन कायदा उघडून पाहावा. सार्वजनिक प्रयोजनाखाली पायाभूत सुविधांसाठी जमीन घेता येते, असं तो सांगतो, आणि त्या सुविधांमधून तीन गोष्टी नाव घेऊन वगळतो: खासगी रुग्णालयं, खासगी शिक्षणसंस्था आणि खासगी हॉटेलं. ज्याला हॉटेल काढायचं आहे त्याने जमीन बाजारात विकत घ्यावी, सरकारने त्याच्यासाठी शेतकऱ्याच्या हातातून काढून देऊ नये, इतका साधा विचार त्यामागे आहे. विमानतळ मात्र सार्वजनिक प्रयोजनात बसतो. मग शेकडो हेक्टर जमीन विमानतळाच्या नावाने घ्यायची, धावपट्टी आणि टर्मिनल बांधून जी उरेल तिला 'शहराकडची बाजू' म्हणायचं, आणि तिथे भाडेपट्ट्याने हॉटेल उभं करायचं. हे बेकायदा आहे असं मी म्हणत नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या १९९४ च्या कायद्यातच प्राधिकरणाच्या कामांमध्ये विमानतळावर किंवा जवळ हॉटेल, उपाहारगृहं आणि विश्रांतिगृहं चालवणं धरलेलं आहे. पण शब्द नीट वाचा. हॉटेलाच्या बरोबरीने तिथे विश्रांतिगृहही आहे. आपण हॉटेल लक्षात ठेवलं आणि विश्रांतिगृह विसरलो.

जमीन देणाऱ्यांना मात्र काही विसरता येत नाही. नवी मुंबई वसवताना ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये जासईच्या परिसरात आंदोलन केलं. गोळीबारात पाच जणांचे जीव गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. विमानतळाच्या गावांसाठी पुढे ते साडेबावीस टक्क्यांवर गेलं. २०२५ मध्ये पुरंदरमधली सात गावं विमानतळाच्या भूसंपादनाविरुद्ध उभी राहिली. आमच्या खान्देशालाही प्रकल्पग्रस्त हा शब्द शिकवावा लागत नाही. सरदार सरोवरात महाराष्ट्राची जी ३३ गावं बुडाली, ती सगळी नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. ज्याने धावपट्टीसाठी म्हणून शेत दिलं, त्याच्या शेतावर उद्या मेजवान्यांचं सभागृह उभं राहिलं आणि त्याला दारावरचा पहारेकरी आत सोडेना, तर त्याला काय वाटेल याची कल्पना आम्हाला चांगली करता येते.

दिल्लीचं उदाहरण या बाबतीत अभ्यासण्यासारखं आहे. तिथल्या विमानतळाचं २००६ मध्ये खासगीकरण झालं आणि जमिनीचा पाच टक्क्यांपर्यंतचा भाग व्यापारी वापरासाठी मोकळा करून दिला गेला. तिथे एरोसिटी ही हॉटेलांची वसाहत उभी राहिली. हॉटेलवाल्यांकडून घेतलेल्या अनामत रकमेतून नव्या टर्मिनलच्या खर्चाचा एक भाग भागवला गेला. २०१२ मध्ये सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगने अहवाल दिला, की सुमारे २४० एकर जमीन वर्षाला १०० रुपये नाममात्र भाड्याने गेली आणि तिची पुढच्या ५८ वर्षांतली उत्पन्नाची क्षमता १,६३,५५७ कोटी रुपयांची आहे. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने हा हिशोब मानला नाही. इतक्या लांबच्या वर्षांची बेरीज आजच्या रुपयांत न आणता मांडणं बरोबर नाही, आणि विमानतळाच्या उत्पन्नातला जवळजवळ ४६ टक्के वाटा प्राधिकरणाला मिळतोच, अशी त्यांची बाजू होती. तिच्यात तथ्य आहे. तो प्रचंड आकडा मीही जसाच्या तसा डोक्यावर घेत नाही. पण १०० रुपये हा आकडा कोणी नाकारला नाही. करार करताना जमिनीच्या व्यापारी किमतीचा प्रश्न उघडपणे चर्चेला आला असता, तर सहा वर्षांनी कॅगला तो उकरून काढावा लागला नसता.

दिल्लीतच आणखी एक गोष्ट घडली, ती बांधकामवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. हॉटेलं बांधून तयार झाली आणि मग खिडक्यांतून धावपट्टी दिसते म्हणून पोलिसांनी आक्षेप घेतला. ती वेळेवर उघडता आली नाहीत. विमानतळावरची इमारत म्हणजे हमरस्त्यावरची इमारत नव्हे. तिच्या उंचीला मर्यादा, खिडकीच्या दिशेला मर्यादा, विमानांच्या आवाजासाठी जाड काचा.

सरकारने स्वतःच हॉटेल चालवावं, असंही मी म्हणणार नाही. तो प्रयोग झालेला आहे. मुंबई विमानतळाजवळचं सेंटॉर हे सरकारी मालकीचं हॉटेल २००२ मध्ये ८३ कोटींना विकलं गेलं आणि घेणाऱ्याने थोड्याच महिन्यांत ते ११५ कोटींना पुढे विकलं. चालवताना तोटा आणि विकतानाही तोटा. हॉटेल चालवणं हा रोजच्या रोज लक्ष द्यायचा धंदा आहे, तो ज्याचा त्याने करावा.

एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, की हॉटेल-सभागृहाच्या उत्पन्नामुळे विमानतळाचा खर्च भागतो आणि प्रवाशावरचा बोजा कमी होतो. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणाप्रमाणे विमानतळाच्या इतर उत्पन्नातला ३० टक्के भाग प्रवाशांवरचे आकार ठरवताना वजा धरायचा असतो. म्हणजे रुपयातले ३० पैसे प्रवाशाच्या बाजूने, ७० पैसे चालवणाऱ्याच्या. यात फायदा आहे, पण जमीन देणाऱ्या समाजाचं सगळं देणं फिटलं असं म्हणण्याइतका तो नाही.

माझा खरा आक्षेप हॉटेल आणि सभागृह एका निविदेत बांधण्याला आहे. दोन्हींचा स्वभाव वेगळा. हॉटेलाच्या खोल्या रोज पैसे मिळवतात. मोठं सभागृह वर्षातले कितीतरी दिवस रिकामं असतं, त्याची वीज, वातानुकूलन, झाडलोट मात्र चालूच असते. म्हणून सभागृह स्वतःच्या भाड्यावर क्वचितच जगतं. ते येणाऱ्या पाहुण्यांच्या निमित्ताने हॉटेलाला जगवतं. दोन्ही एकाच मालकाच्या हातात दिली की तो काय करणार ते कुणीही सांगेल. ज्या मेळाव्यातले लोक खोल्या घेणार नाहीत, त्यांना तारीख मिळणार नाही. शेतकरी गट, शिक्षक, आशा सेविका, ग्रंथालय चळवळीतले कार्यकर्ते, यांच्यातला कोण पाचशे खोल्या घेणार आहे? उरलेल्या तारखा लग्नांना जातील, कारण लग्नवाला भाव करत नाही. आपल्या तालुक्याच्या गावीसुद्धा नाटकासाठी बांधलेल्या सभागृहाचं मंगल कार्यालय झालेलं आपण पाहतोच.

आणि इमारत बांधली म्हणजे काम झालं, या समजुतीचं काय होतं ते पाहायला आम्हाला दिल्लीला जायला नको. फर्दापूर गाठलं तरी पुरे. अजिंठा लेणी जळगावहून साठ किलोमीटरवर आहेत, औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, शंभर. १९८३ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत. लेण्यांच्या पायथ्याशी जपानच्या कर्जातून एक भव्य पर्यटक केंद्र उभं राहिलं. आत लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती, सभागृह, प्रदर्शन दालनं, उपाहारगृह. मूळ चित्रांवरची गर्दी कमी व्हावी, लोकांनी आधी इथे समजून घ्यावं आणि मग वर जावं, ही कल्पना खरोखर सुंदर होती. काही वर्षांतच विजेची आणि पाण्याची बिलं थकली आणि केंद्राला टाळं लागलं. कर्जाने भिंती मिळाल्या, पण दर महिन्याचं वीजबिल भरण्याची सोय कुणी लावून ठेवली नव्हती. मी त्या बंद दारासमोरून गेलो आहे. शाळेची सहल आली होती आणि मुलं काचेला नाक लावून आत बघत होती. तेव्हापासून कुठल्याही नव्या सभागृहाची बातमी आली की माझा पहिला प्रश्न असतो, दहाव्या वर्षी याचं बिल कोण भरणार?

आता जळगावच्या विमानतळाबद्दल. आमच्याकडे चार माणसं जमली की एक तरी म्हणतोच, जळगावचा विमानतळ आंतरराष्ट्रीय करा, तिथेच पंचतारांकित हॉटेल आणि मोठं कन्व्हेन्शन सेंटर बांधा, अजिंठ्याचे पाहुणे आपोआप येतील. त्यामागची तळमळ मला कळते. सोन्याची पेठ, डाळीच्या गिरण्या, ठिबक सिंचन, केळी, भरिताची वांगी, एवढं सगळं असूनही आपल्याकडे कोणी थांबत नाही, ही सल खरी आहे. तरीही या मागणीला माझा पाठिंबा नाही, निदान आज तरी नाही. लहान शहरं विमानाने जोडणाऱ्या उडान योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये इथून मुंबईचं विमान सुरू झालं आणि बंद पडलं. २०१९ मध्ये पुन्हा सेवा सुरू झाली, तीही थांबली. २०२४ पासून गोवा, हैदराबाद, पुणे अशी विमानं सुटू लागली, ती सत्तरेक आसनांची. हजार खुर्च्यांचं सभागृह विमानाने आलेल्या माणसांनी भरायचं तर अशी पंधरा विमानं गच्च भरून उतरवावी लागतील. ज्या धावपट्टीवर मोठं विमान उतरत नाही, तिच्या कडेला मोठं सभागृह बांधणं म्हणजे फर्दापूरच्या काचेमागचं चित्र पुन्हा काढणं. आधी सेवा टिकू दे, धावपट्टी वाढू दे, अजिंठ्याचा रस्ता बारमाही धड राहू दे.

मग खान्देशात माणसं जमवायचीच नाहीत का? जमवायची, आणि आमच्याइतकी ती कला कोणाला येत असेल असं मला वाटत नाही.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. तोवर ही अधिवेशनं शहरांत होत. पुढची खेड्यांत व्हावीत, शेतकऱ्याच्या दारात व्हावीत, हा गांधीजींचा आग्रह. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नगराची उभारणी करायला शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस आले, आणि त्यांनी स्थानिक बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या सामानातून प्रवेशद्वारं आणि मांडव सजवले. धनाजी नाना चौधरींसारखे इथले कार्यकर्ते राबले. अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजी त्यासाठी गावोगाव हिंडले. शेतीविषयक कार्यक्रम त्याच अधिवेशनात मंजूर झाला: शेतसारा, कर्ज, कुळांचे हक्क. देशभरातली माणसं यावल तालुक्यातल्या एका गावात आली, बसली, बोलली आणि निर्णय घेऊन गेली. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं ते शेतकरी त्या मांडवाच्या आत होते.

आणि हे फक्त १९३६ चं नाही. मराठी साहित्य संमेलन अमळनेरला १९५२ मध्ये भरलं, जळगावला १९८४ मध्ये, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा अमळनेरला. त्याच वेळी त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. दोन संमेलनं एकाच लहानशा शहराने पेलली, आणि अमळनेरात पंचतारांकित हॉटेल नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, लांबलांबच्या राज्यांतून घोडे येतात, माणसं तंबूत राहतात. दर हिवाळ्यात पुण्याजवळ मोशीला जे किसान प्रदर्शन भरतं, जिथे आमचे शेतकरी गाड्या भरून जातात, तेही मोकळ्या मैदानावर तात्पुरते मंडप टाकूनच.

खान्देशाला हवी आहे ती राखलेली, पाणी-वीज-संडास असलेली, सांडपाण्याची नीट सोय असलेली मोठी मोकळी जागा, आणि ती रेल्वेच्या जवळ. भुसावळ जंक्शनवर मुंबई, नागपूर, खंडवा आणि सुरत अशा चारही बाजूंच्या गाड्या येतात. विमानाला जे पंधरा खेपांत जमत नाही ते एक रेल्वेगाडी एका खेपेत करते. भुसावळ किंवा जळगाव स्टेशनापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी वीस-पंचवीस एकर मैदान पुढच्या पन्नास वर्षांसाठी राखून ठेवणं, हे आमच्या लोकप्रतिनिधींचं काम आहे. शहरातली मैदानं वर्षागणिक कुठल्या ना कुठल्या गाळ्यांखाली जात आहेत, म्हणून हे लवकर करावं लागेल.

रेल्वेचा मुद्दा मोठ्या विमानतळांनाही लागू आहे. सिंगापूरचं मोठं प्रदर्शन केंद्र चांगी विमानतळाच्या अगदी अलीकडच्या मेट्रो स्टेशनवर आहे. दिल्लीतलं यशोभूमी हे कन्व्हेन्शन सेंटर सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालं, तेव्हा विमानतळाची मेट्रो थेट त्याच्या दारापर्यंत वाढवण्यात आली. दोन्ही ठिकाणी परदेशी पाहुणा विमानातून उतरून येतो आणि गावातला माणूस तिकीट काढून मेट्रोने येतो. उलव्यात सभागृह झालंच, तर ते टर्मिनलच्या सुरक्षा पट्ट्याच्या आत नको, स्टेशनाच्या दारात हवं. नाहीतर जळगावहून रात्रीच्या गाडीने आलेला माणूस शेवटच्या दहा किलोमीटरला टॅक्सीपायी जेरीस येईल.

मोठ्या दालनाची खरी किंमत आपण २०२० मध्ये पाहिली आहे. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात करोनाच्या रुग्णांसाठी खाटा लागल्या होत्या. सार्वजनिक जागा हाताशी होती म्हणून ते शक्य झालं. संकटाच्या काळात दालन ताब्यात घेण्याचा हक्क करारात स्पष्ट लिहिलेला असला, की ऐनवेळी कुणापुढे हात पसरावे लागत नाहीत.

तेव्हा करार कसा हवा? हॉटेलाची निविदा वेगळी, पूर्ण बाजारभावाने, आणि भाडेपट्टा ठरावीक वर्षांनी वाढणारा. त्या भाड्यातला ठरलेला हिस्सा वेगळ्या खात्यात, फक्त सभागृहाच्या देखभालीसाठी, म्हणजे फर्दापूरसारखं टाळं लागणार नाही. सभागृहाची मालकी सरकारी संस्थेकडे, आणि वर्षातले निदान साठ दिवस शेतकरी कंपन्या, सहकारी संस्था, बचत गट, विद्यापीठं आणि साहित्य-कला संस्थांसाठी ठरलेल्या कमी दरात. त्या तारखा कोणाला दिल्या याची यादी सगळ्यांना दिसेल अशी. संकुलातल्या नोकऱ्यांत जमीन गेलेल्या गावांतली मुलं आधी. आणि संकुलातल्या दहा खोल्यांमागे एक तरी विश्रांतिगृहाची, तासाच्या हिशोबाने, रेल्वेच्या रिटायरिंग रूमसारखी. भुसावळ स्टेशनावर आमच्या दोन पिढ्या त्या खोल्यांत झोपल्या आहेत. स्वच्छ चादर, एक पंखा, बाहेर पाण्याचा नळ, आणि गाडीच्या वेळेला उठवायला माणूस. तिकीट दाखवलं की खोली. हेच विमानाच्या तिकिटावर का नको?

यात हॉटेलवाल्याचा तोटा होईल असं कोणी म्हणेल. होईल थोडा. त्याला शहराच्या आणि बंदराच्या मधली, धावपट्टीजवळची अशी जागा मिळते आहे, की जी बाजारात कितीही पैसे टाकून मिळाली नसती.

नवी मुंबई विमानतळाचा आज फक्त पहिला टप्पा सुरू आहे. वर्षाला दोन कोटी प्रवाशांचा. तो नऊ कोटींपर्यंत न्यायचा आहे, म्हणजे आजूबाजूच्या जमिनीचे बरेच करार अजून व्हायचे आहेत. खान्देशातल्या आमदारांनी 'हे रायगडचं काम' म्हणून गप्प बसू नये. आमची केळी तिथूनच जहाजात चढते आणि आमची मुलं-माणसं तिथूनच विमानात. पुढच्या अधिवेशनात त्यांनी विधिमंडळात उभं राहून विचारावं: भाडेपट्टा किती वर्षांचा आणि किती रुपयांचा? सभागृहाचे किती दिवस आमच्या शेतकरी गटांना मिळणार? आणि रात्री अडीचच्या विमानासाठी दुपारी चारला पोचलेल्या म्हाताऱ्या माणसाला तिथे पाठ टेकायला जागा किती रुपयांत मिळेल?